‘स्वमग्न’ संज्ञेचा इतिहास आणि किशोरवयीन मुली : पळसदरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१

मुंबईकडून येणारा लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत १२ मे १८५६ रोजी खुला झाला. बोरघाट चढून खंडाळ्यास जाऊन मिळणारा मार्ग पुरा व्हावयास १८६३ साल उजाडले. मधल्या काळात उतारू पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट ओलांडीत. त्या काळच्या इंग्रजी नोंदींत पळसदरीचे नाव ‘पडसधरी’ अशा वळणाने आढळते. मराठीतील ‘ळ’ इंग्रजी कानाला परका आहे, आणि जो वर्ण ऐकणाऱ्याच्या भाषेत नाही तो त्याच्या लेखणीत यथातथ्य उतरत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. गावाच्या नावात असे झाल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु माणसाच्या एखाद्या अवस्थेला नाव देताना हेच घडले, म्हणजे नाव देणाऱ्याला जे दिसले तेवढेच नावात आले व जे दिसले नाही ते बाहेर राहिले, तर त्याचे परिणाम एखाद्या मुलीला आयुष्यभर भोगावे लागतात.

इंग्रजीत ‘ऑटिझम’ व मराठीत ‘स्वमग्नता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ही अवस्था जन्मतःच असते. परस्परव्यवहारातील न लिहिलेले संकेत सहजी न उमगणे, ठराविक क्रमाची व विषयांची ओढ, आणि ध्वनी, स्पर्श, प्रकाश यांची तीव्र वा मंद जाणीव ही तिची मुख्य अंगे होत. प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे : ही संज्ञा घडताना मुली तिच्याबाहेर कशा राहिल्या, आणि अशा किशोरवयीन मुलींची भीती कमी होऊन त्यांचा आत्मविश्वास वाढावा यासाठी मराठी भाषेच्या व्यवहारात काय करता येण्यासारखे आहे.

२

‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘आउटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यापासून स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर याने १९१०-११ च्या सुमारास घडवला. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे बाह्य जगापासून तुटून आपल्याच मनोविश्वात शिरणे त्याला या शब्दाने सांगावयाचे होते. पुढे १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले व हाच शब्द एका वेगळ्या, जन्मजात अवस्थेसाठी योजला. शब्द जुना आणि अर्थ नवा अशी ही स्थिती होती. साहजिकच जुन्या अर्थाची ‘जगाकडे पाठ फिरवणे’ ही छटा नव्या वापरातही टिकून राहिली.

कॅनर यांच्या ११ मुलांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. १९७१ साली त्यांनीच या मुलांचा मागोवा घेतला. मुलग्यांपैकी डोनाल्ड हा शेतकरी कुटुंबाच्या आश्रयाने वाढून पुढे आपल्या गावातील बँकेत नोकरी करू लागला होता; तिघी मुलींच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र संस्थांत गेला. तीन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, हे खरेच. तथापि आरंभीच्या त्या लहानशा गटातील मुलींची कहाणी फारशी सांगितली गेली नाही, हेही तितकेच खरे.

व्हिएन्ना येथे १९४४ साली डॉ. हान्स आस्पर्गर यांनी चार मुलांचे सविस्तर वर्णन केले. ते चौघेही मुलगे होते. पूर्ण स्वरूपातील हे चित्र आपणास मुलींत आढळले नाही, असे त्यांनी नमूद केले. याच आस्पर्गर यांनी १९४१ साली श्पीगेलग्रुंड या नाझी संस्थेत ज्या बालकांना पाठवले त्यांत दोन लहान मुली होत्या व त्या तेथेच मरण पावल्या, ही गोष्ट हेर्विग चेख या इतिहासकाराच्या २०१८ च्या संशोधनाने सर्वांसमोर आली. मुलग्यांच्या वैचित्र्यात बुद्धीची चमक पाहणारी दृष्टी इतरांविषयी किती निष्ठुर होऊ शकते, याचे हे उदाहरण विसरता येण्यासारखे नाही.

या दोघांच्याही बरेच आधी मॉस्को येथील डॉ. ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ साली सहा मुलग्यांचे अशाच प्रकारचे वर्णन रशियन भाषेत केले होते आणि १९२७ साली मुलींविषयी स्वतंत्र निबंध लिहून त्यांच्यात हे चित्र वेगळे दिसते, असे नोंदवले होते. हा निबंध दीर्घकाळ अभ्यासकांच्या नजरेआड राहिला. इंग्लंडमध्ये डॉ. लॉर्ना विंग यांनी १९८१ साली आस्पर्गर यांच्या कामाकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले व मुलगे-मुलींच्या प्रमाणाचाही विचार केला. मुलींची नोंद मुळीच झाली नव्हती, असे म्हणता येणार नाही. नोंद झाली, पण ज्या भाषेत संज्ञा रूढ होत होती त्या भाषेत ती पोचली नाही.

चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण बराच काळ गृहीत धरले जात असे. २०१७ साली लूम्स, हल व मँडी या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून हे प्रमाण तिनास एक याच्या जवळ असावे व मुलींचे निदान चुकण्याचा संभव अधिक आहे, असा निष्कर्ष मांडला. त्याच सुमारास ‘वेष पालटून वावरणे’ या घटनेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. पुष्कळ मुली वर्गातील दुसऱ्या मुलीचे बोलणे, हसणे, उभे राहणे लक्षपूर्वक टिपतात व तसे वागून वेळ निभावून नेतात. दिवसभराचा हा अभिनय संपवून त्या घरी येतात तेव्हा थकलेल्या असतात. रडू, चीड किंवा संपूर्ण मौन यांपैकी काहीतरी घरच्यांच्या वाट्याला येते. शाळा म्हणते, मुलगी गुणी आहे. घर म्हणते, मुलगी हट्टी आहे. मुलगी मात्र दोन्हीकडे भ्यालेलीच असते.

३

मराठीतील ‘स्वमग्न’ हा शब्द या पार्श्वभूमीवर तपासून पाहावा. ‘मस्ज्’ म्हणजे बुडणे, या धातूपासून ‘मग्न’ हे रूप झाले. ध्यानमग्न, कार्यमग्न, चिंतनमग्न या समासांत मग्न होणे ही इष्ट, किंबहुना सुखाची अवस्था आहे. मग्न मनुष्याला भोवतालचे भान नसते आणि त्याची खंतही नसते. ‘स्वमग्न’ म्हटले की आपल्यातच रमलेली, इतरांशी देणेघेणे नसलेली व्यक्ती डोळ्यांपुढे येते. जी मुलगी वर्गातल्या प्रत्येक चेहऱ्यावर नजर ठेवून ‘आता हसायचे की नाही’ हे ठरवीत असते, तिला हे वर्णन कसे लागू पडावे? ती स्वतःत बुडालेली नाही; ती सतत इतरांच्या पहाऱ्यावर आहे. शब्द आता रूढ झाला आहे व तो बदलावा असा आमचा आग्रह नाही. परंतु त्याच्या अर्थच्छटेमुळे पालक व शिक्षक अशा मुलीला ओळखू शकत नाहीत, एवढे ध्यानात घ्यावे.

घरोघरी वापरले जाणारे शब्द निराळे आहेत. अबोल, बुजरी, लाजाळू, घुमी, एककल्ली, तंद्रीत असणारी. आणि याच्या उलट शांत, शहाणी, सोशिक. मुलग्याच्या बाबतीत ज्याला ‘काहीतरी बिघडले आहे’ असे म्हटले जाईल, तेच मुलीच्या बाबतीत स्वभाव किंवा गुण म्हणून गणले जाते. लाजणे हे आपल्याकडे मुलीला शोभणारे मानले गेल्यामुळे तिची भीती लाजेच्या नावाखाली लपून राहते.

कायद्याच्या भाषेचा प्रवासही असाच मंद झाला. १९१२ च्या भारतीय ‘लुनसी’ कायद्यात जन्मतः मंदबुद्धी असणारा व वेडा यांना एकाच शब्दाखाली घातले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मनोरुग्णतेपासून वेगळे केले. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती प्रथम स्पष्टपणे आली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अभिप्रेत आहे. त्याच्या यादीत स्वमग्नता ‘वर्तनदोष’ या सदरात घातली आहे. जिच्या वर्तनात कोणालाही दोष दिसत नाही, अशी आज्ञाधारक मुलगी या सदरात कशी सापडावी?

महाराष्ट्रातील संस्थात्मक कामाचा एक महत्त्वाचा आरंभ एका मुलीमुळेच झाला. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या जय या मुलीसाठी जी शाळा काढली, ती जय वकील शाळा होय. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ सुरू झाली. या दोन्ही संस्थांचा मूळ विषय बौद्धिक अक्षमता हा होता. दिल्लीत १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ स्थापन झाली, मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली ‘उमीद’ हे बालविकास केंद्र सुरू केले; पुण्यात ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ उभे राहिले. हे काम मोलाचे आहे. मात्र या विषयाची जाणकारी मुख्यतः मुंबई-पुणे या दोन टोकांना साठली व मधला मुलूख तसाच राहिला. पळसदरी नेमकी या दोहोंच्या मधल्या मार्गावर आहे.

४

आता भीतीचा विचार करू. स्वमग्न मुलांत व किशोरांत सुमारे ४० टक्क्यांना चिंताविकाराचा एखादा तरी प्रकार असतो, असे २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले. या भीतीचे एक मूळ अनिश्चिततेत आहे : पुढे काय होणार हे न कळणे इतरांना नुसते गैरसोयीचे वाटते, तेच या मुलींना असह्य होते.

आपली नित्याची भाषा ही अनिश्चितता किती वाढवते, हे पाहण्यासारखे आहे. ‘बघू’, ‘जरा वेळाने’, ‘नंतर सांगते’ हे शब्द मराठी घरांत पावलोपावली येतात. ‘बघू’ म्हणजे बहुधा ‘नाही’, हे इतर मुलांना कोणी न शिकवता कळते. शब्दशः अर्थ घेणारी मुलगी मात्र ‘बघू’ ऐकून दिवसभर वाट पाहते. तिला ‘आज नाही, रविवारी सकाळी १० वाजता जाऊ, पाऊस असेल तर घरीच थांबू’ असे सांगितले तर तिची निम्मी धास्ती शब्दांनीच उतरते. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ पासून एरिक शॉप्लर यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या कार्यक्रमात दिवसाचा क्रम चित्रांनी वा लेखनाने डोळ्यांपुढे ठेवण्यावर भर होता, त्यामागील तत्त्व हेच. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. एक पाटी व खडू पुरतो.

वयात येण्याचा प्रसंग याहून नाजूक आहे. आपल्या भाषेने पाळीभोवती आडपडद्याच्या शब्दांचे कुंपण घातले आहे : ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आली’, ‘मुलगी शहाणी झाली’. कावळा न दिसताच शिवला म्हणजे काय, आणि रक्त पाहून शहाणपण ते कोणते, हा प्रश्न शब्दशः ऐकणाऱ्या मुलीला पडला तर तो तिचा दोष नव्हे. अशा मुलीला दहाव्या वर्षाच्या आसपासच, म्हणजे प्रसंग येण्यापूर्वी, काय होईल, किती दिवस होईल, कापड वा पॅड कसे घ्यावयाचे, शाळेत कोणत्या बाईंना कोणत्या शब्दांत सांगावयाचे, हे सरळ भाषेत व शक्य तर लिहून सांगावे. हा तिच्या भीतीवरचा प्रत्यक्ष उपाय आहे.

दुसरी अडचण आपल्या भावनेला नाव देण्याची. पुष्कळ स्वमग्न व्यक्तींना ‘मला भीती वाटते’ असे म्हणता येत नाही, कारण शरीरात काय चालले आहे याचा अर्थ त्यांना चटकन लागत नाही. मनोवैद्य पीटर सिफ्नियोस यांनी १९७३ साली या अक्षमतेला ग्रीक धातूंवरून एक स्वतंत्र नाव दिले. येथे मराठीची एक जमेची बाजू आहे. आपल्या भाषेत भीतीचे वर्णन शरीराच्या अवयवांनी होते : पोटात कालवते, घशाला कोरड पडते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, काही सुचेनासे होते. ऑस्ट्रेलियातील टोनी अ‍ॅटवूड यांनी भावनांचा तापमापक वापरण्याची जी रीत रूढ केली, तिला हे वाक्प्रचार सहज जोडता येतील. मुलीबरोबर बसून, तिच्या शरीरात प्रथम काय होते व मग काय होते, हे विचारून पाच पायऱ्या मांडाव्यात. ‘पोटात गोळा येणे’ यासारखा वाक्प्रचार वापरण्याआधी तो गोळा खरा नसतो, हे सांगावे; नाहीतर एका भीतीत दुसरीची भर पडेल. प्रत्येक पायरीपुढे काय करावयाचे तेही लिहावे : पहिल्या पायरीवर प्रश्न विचारणे, तिसऱ्यावर शांत जागी जाऊन बसणे, पाचव्या पायरीवर कोणीही तिला प्रश्न न विचारणे, कारण त्या वेळी पुष्कळदा वाचाच बंद होते. तेव्हा नुसती सोबत पुरे.

भीतीचा हळूहळू सामना करावयास शिकवणारी वर्तन-विचार उपचारपद्धती स्वमग्न मुलांसाठी बदलून घेतली तर अधिक उपयोगी पडते, असे २०२० साली अमेरिकेत १६७ मुलांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसले. ही मुले ७ ते १३ वयाची होती व त्यांत मुली सुमारे पाचव्या हिश्श्याएवढ्याच होत्या; उपचारांचे पुरावेही बव्हंशी मुलग्यांवरूनच गोळा होत आहेत, हे यावरून कळेल. या पद्धतीचा अवलंब करताना एक भेद मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो. दुकानदाराला भाव विचारण्याची भीती ही पायरीपायरीने कमी करता येते : प्रथम चिठ्ठी देऊन, मग आईच्या सोबतीने, मग एकटीने. पण मिरवणुकीतील ढोल-ताशाने जिच्या कानांना वेदना होतात, तिला ‘सवय होईल’ म्हणून तेथे उभे करणे हा उपचार नव्हे. संवेदनांची ही तीव्रता २०१३ पासून अमेरिकी मनोवैद्यकाच्या निदानसूत्रांतही समाविष्ट आहे. भीतीला धीर द्यावा. वेदनेला आडोसा द्यावा.

आत्मविश्वासाविषयी बोलताना आपली भाषा बहुधा ‘धीटपणा’कडे वळते. स्नेहसंमेलनात भाषण केले, पाहुण्यांशी चटचट बोलली, की मुलगी धीट ठरते. स्वमग्न मुलीला हे पाठ करूनही साधते. तेवढ्याने तिचा स्वतःवरील विश्वास वाढत नाही, उलट ‘मी आहे तशी चालणार नाही’ हीच समजूत पक्की होते. तिचा आत्मविश्वास तीन वाक्यांत तपासावा : ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’, ‘मला थोडा वेळ हवा’ आणि ‘नको’. मोठ्यांना ‘नको’ म्हणू नये, हा संस्कार इतर मुली प्रसंग पाहून वाकवतात. नियम अक्षरशः पाळणारी मुलगी तो नको त्या माणसापुढेही पाळील. तिच्या सुरक्षिततेसाठी ‘नको’ हा शब्द तिला मुद्दाम शिकवावा लागतो, आणि तिने तो घरात उच्चारला की घरच्यांनी मानावा लागतो.

दुसरे असे की, ज्या ओढीला आपण ‘एककल्लीपणा’ म्हणतो तीच तिच्या आत्मविश्वासाची भक्कम जागा असते. जिला गाड्यांचे वेळापत्रक मुखोद्गत आहे, तिला स्थानकावर येणाऱ्याजाणाऱ्यांना वेळ सांगण्याची संधी मिळाली, तर अनोळखी माणसाशी बोलण्याचे निमित्त तिला तिच्याच विषयातून मिळते. टेंपल ग्रँडिन यांनी १९८६ साली व डोना विल्यम्स यांनी १९९२ साली आत्मकथने प्रसिद्ध केली, तेव्हापासून स्वमग्न स्त्रिया स्वतःच्या शब्दांत बोलू लागल्या आहेत. या अवस्थेचे वर्णन बाहेरून करण्याची पद्धत त्यांनीच प्रथम मोठ्या प्रमाणावर मोडली. आपल्यासारखी आणखी कोणी आहे, हे कळणे हाही किशोरवयात मोठा आधार असतो.

५

हे सर्व पळसदरीसारख्या ठिकाणी कसे व्हावे, हा अखेरचा प्रश्न. कर्जत-खोपोली शाखेवर गाड्या मोजक्या आहेत. मुंबईच्या तज्ज्ञाकडे एकदा जाऊन यावयाचे म्हणजे मजुरी करणाऱ्या कुटुंबाचा पुरा दिवस व त्या दिवसाची कमाई जाते. रायगड जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. तेथील जिल्हा रुग्णालय कर्जतच्या लोकांना जवळचे नाही. त्यातून मुलगी ‘शांत’ असेल तर एवढा खटाटोप कोण करील?

या भागातील ठाकर व कातकरी वाड्यांचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कातकरी घरातील बोली व शाळेतील प्रमाण मराठी यांत अंतर आहे. वर्गात न बोलणाऱ्या कातकरी मुलीबद्दल ‘तिला भाषा येत नाही’ हा खुलासा तयारच असतो, व पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण म्हणूनच जिच्या मौनाचे कारण निराळे आहे ती मुलगी येथे दुहेरी झाकली जाते. वीटभट्टी वा कोळसाभट्टीच्या कामासाठी अनेक कुटुंबे वर्षातील काही महिने स्थलांतर करतात. त्यामुळे एकाच शिक्षकाने मुलीला सलग पाहिले आहे, असेही घडत नाही. भेद ओळखण्याचा एक साधा मार्ग म्हणजे ती घरी, आपल्या बोलीत, आपल्या भावंडांशी कशी बोलते हे आईला किंवा आजीला विचारणे. जी आपल्या बोलीत मोकळी आहे तिला शाळेची भाषा शिकवावी. जी तेथेही थोडक्या ठराविक विषयांवरच बोलते, कोलाहलात कान झाकते, ठरलेला क्रम मोडला की कोलमडते, तिच्याविषयी आरोग्य पथकाला अवश्य कळवावे.

तज्ज्ञाची भेट होईपर्यंत थांबून राहण्याचे मात्र कारण नाही. दिवसाचा क्रम पाटीवर लिहिणे, ‘बघू’ऐवजी वेळ सांगणे, पाळीविषयी सरळ शब्दांत आधी बोलणे, भीतीच्या पायऱ्या मांडणे, वर्गाबाहेर शांत बसण्याची एक जागा ठरवून देणे, तिचे ‘नको’ मानणे यांपैकी कशालाही निदानाचा दाखला लागत नाही. निदान चुकले असले तरी यांपैकी कशानेही मुलीचे नुकसान होत नाही. दाखला हवा तो सवलती व हक्क मिळवण्यासाठी, आणि तो मिळवण्याचा प्रयत्नही सोडू नये.

संज्ञा बाहेरून दिल्या जातात व त्या सुधारावयास पिढ्या लागतात, हे वरील इतिहासावरून दिसते. शाळेच्या प्रगतिपुस्तकातील शेरा मात्र याच वर्षी सुधारता येतो. ‘शांत, आज्ञाधारक, वर्गात बोलत नाही’ एवढे लिहून शिक्षक थांबतात तेथे आणखी एक ओळ असावी : ती कोणत्या वेळी, कोणाशी, कशाविषयी बोलते. ही ओळ लिहावयाची तर आधी त्या मुलीला विचारावे लागेल, आणि उत्तरासाठी थोडे थांबावेही लागेल.